उपास करूनही काटा हलेना!

प्रश्न : ताई, मी पक्की शाकाहारी. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास धरते. तरी वजन तसूभर उतरत नाही. काय चुकतंय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खिचडी चुकतेय हो! १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी, प्रथिनं जवळजवळ शून्य. वर मूठभर कूट, तुपाची फोडणी. माझ्या सासूबाई बटाटाही घालायच्या, आणि मी चाटूनपुसून खायचे! उपासाला वाटीभर भगर नि दह्यातली काकडीची कोशिंबीर घ्या. एरवी चार पोळ्यांच्या दोन करा, मोड आलेल्या मटकीची उसळ दुप्पट वाढून घ्या. तेल मात्र चमच्यानं मोजा. एका मोठ्या चमच्यात जवळपास १२० कॅलरी असतात. आणि चतुर्थीला चंद्रोदयानंतर मोदक एकच, बरं का!