टोमॅटोच्या लेकी

वाचक विचारतात : गाणं-बजावणं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही राजेंद्रनगरात राहतो. माझी मुलगी सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'केचप साँग' या स्पॅनिश गाण्यावर नाचली होती. नाच तुम्हीच बसवला होता. परवा तिच्या लेकीला मोबाइलवर तेच गाणं सापडलं आणि आता घरात दिवसभर तेच चालू आहे. आमचे हे म्हणतात, "त्या तिघी एका गाण्यापुरत्या आल्या आणि गेल्या, त्यात संगीत ते कसलं?" शिवाय त्या काळी 'या गाण्यात सैतानाचा मंत्र आहे' असं बोललं जायचं, ते आठवून मनात जरा धास्तीही आली. त्या मुली होत्या कोण? त्या शब्दांना काही अर्थ आहे का? आणि पुढे त्यांचं काय झालं? (एक आजी, इंदूर)

उत्तर : आधी धास्ती काढून टाकते. त्या गाण्यात सैतान नाही आणि मंत्रही नाही. नातीला खुशाल नाचू द्या.

गाण्याचं ते 'आसेरेहे'वालं धृपद कुठून आलं हे पक्कं ठाऊक आहे. 1979 साली अमेरिकेत शुगरहिल गँग या गटाचं 'रॅपर्स डिलाइट' नावाचं गाणं आलं. त्याच्या सुरुवातीलाच 'आय सेड अ हिप हॉप' अशी बोलांची फैर झडते. इंग्रजी न येणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या कानावर ती फैर पडली तर त्याला जे ऐकू येईल, तेच या गाण्याच्या गीतकाराने धृपद म्हणून लिहिलं. 'आय सेड अ हिप'चं झालं 'आसेरेहे', आणि पुढचं सगळं त्याच ओघात. मोबाइलवर दोन्ही गाणी पाठोपाठ लावून बघा, यजमानांनाही शेजारी बसवा. एकदा ऐकलं की दुसरं कुठलं स्पष्टीकरण लागत नाही.

कडव्यांमधली गोष्ट मात्र सरळ स्पॅनिशमध्ये आहे. दिएगो नावाचा एक नखरेल तरुण मध्यरात्री नाचघरात शिरतो. तिथला डीजे त्याला ओळखतो. बाराच्या ठोक्याला तो दिएगोचं लाडकं गाणं लावतो, आणि दिएगो त्यावर नाचतो, त्यात रंगतो, ते गातो. आणि तो गातो ते शब्द म्हणजे 'आसेरेहे'. म्हणजे परक्या भाषेतल्या गाण्यावर जीव जडलेल्या माणसाचं हे गाणं आहे. आपल्या इंदुरात वरातीपुढे नाचणाऱ्या किती जणांना त्या पंजाबी बोलांचा अर्थ सांगता येईल? पण एक शब्द चुकत नाही कुणाचा.

मंत्राची अफवा उठली लॅटिन अमेरिकेत. 'आसेरेहे' फोडून वाचलं तर 'आ सेर एरेहे', म्हणजे 'पाखंडी व्हावं' असं निघतं, हा तिचा आधार. तेव्हा ईमेल नवीन होता, लोक आलेला मजकूर दहा जणांना पुढे पाठवायचे, आणि अफवा हां-हां म्हणता देशोदेशी पोचली. आपल्या गॅदरिंगच्या वेळी एका पालकांनी मला हेच विचारलं होतं. मुलीला नाचातून काढून घ्यायची त्यांची तयारी होती. पोटची मुलगी म्हटल्यावर काळजी वाटणारच, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण तिला काढायला मी ठाम नकार दिला आणि ती नाचली.

निरर्थक शब्द गायचे म्हणजे काहीतरी खोटं, हलकं, हा समज मला फार खटकतो. आणि तो इंदुरात ऐकू यावा याचं तर वाईटच वाटतं. आपले उस्ताद अमीर खाँसाहेब तराण्याचा किती खोलवर विचार करत! तराण्यातल्या 'तोम', 'दीम', 'तनन' या बोलांना फारसीतून अर्थ आहे असं त्यांचं मत होतं आणि त्याचा त्यांनी जन्मभर ध्यास घेतला. ते मत सगळ्यांना पटतं असं नाही. पण अर्थ असो वा नसो, तराणा ऐकताना आपण डोलतोच ना? तराण्याची आणि या गाण्याची मी बरोबरी लावत नाही. एवढंच म्हणते की अक्षरांचा नाद हीदेखील संगीतातली खरी गोष्ट आहे, आणि लहान मुलाला ती सगळ्यात आधी कळते.

आता त्या मुली. दक्षिण स्पेनमध्ये, आंदालुसियात, कोर्दोबा नावाचं जुनं शहर आहे. तिथे हुआन मुन्योस नावाचे फ्लॅमेंकोचे, म्हणजे तिथल्या पारंपरिक संगीताचे, गिटारवादक. त्यांना सगळे 'एल तोमाते' म्हणून ओळखायचे, म्हणजे टोमॅटो. या त्यांच्या मुली : लोला, लुसिया आणि पिलार. वडील टोमॅटो, म्हणून मुलींच्या गटाचं नाव 'लास केचप', आणि 2002 साली आलेल्या पहिल्या अल्बमचं नाव 'इहास देल तोमाते', टोमॅटोच्या लेकी. मला हे नाव फार आवडतं. लोकांना वाटतं कुठल्या तरी कंपनीने विक्रीसाठी चटपटीत नाव शोधलं असेल. प्रत्यक्षात त्यात बापाचं नाव आहे. आपल्याकडे घराण्याचं नाव लावतात, तसंच हे.

तुमच्या यजमानांना हे आवर्जून सांगा की या मुली वाद्यांच्या घरात वाढल्या होत्या. गाण्याखालची गिटार नीट ऐका, टाळ्यांचा ठेका ऐका. तो आंदालुसियाच्या रुंबाचा ठेका आहे, तिथल्या घराघरांत, लग्नकार्यांत वाजणारा. गाणं लिहिलं 'केको' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानुएल रुईस यांनी. तेही कोर्दोबाचेच, आणि सुरुवातीला ते काढणारी कंपनीही त्याच गावची, छोटीशी. पुढे मोठ्या कंपनीने हात दिला आणि गाणं जगभर गेलं.

स्पेनमध्ये दर वर्षी 'उन्हाळ्याचं गाणं' ठरतं. म्हणजे कुणी समिती बसत नाही, पण जे गाणं समुद्रकिनाऱ्यावर, जत्रेत, नाचघरात सगळीकडे वाजतं, त्याला लोकच तो मान देतात. 2002 चा मान या गाण्याला मिळाला. सुट्टीला आलेल्या परदेशी लोकांनी ते आपापल्या देशी नेलं. ऑक्टोबरमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, आणि युरोपातल्या बहुतेक देशांत तेच झालं. त्याच्या 70 लाखांहून जास्त प्रती खपल्या असं सांगितलं जातं. आपल्या इंदुरात खासगी एफएम सुरू होऊन तेव्हा वर्षच झालं होतं, केबलवर परदेशी गाण्यांच्या वाहिन्या होत्या, आणि राजवाड्याकडच्या दुकानांतून हवी ती गाणी कॅसेटमध्ये भरून मिळायची. मुलींनीच मला ती कॅसेट आणून दिली होती.

नाच मी बसवला म्हणण्यापेक्षा उतरवून घेतला. तो ज्याने कुणी बांधला त्याला मुलांची समज होती. आधी दोन्ही हात एकमेकांवरून खाली-वर, मग अंगठा खांद्यावरून मागे, मग एका हाताची पालथी बाजू कपाळाला, दुसरा हात डोक्यामागे आणि गुडघे आत-बाहेर. तीन हालचाली, आणि प्रत्येक धृपदाच्या ठरलेल्या जागी. आपल्या 'आपडी-थापडी गुळाची पापडी'त हात आणि शब्द जसे एकमेकांत बांधलेले असतात, तसंच. एक विसरलं तर दुसरं आठवून देतं. तुमच्या लेकीला इतक्या वर्षांनी ते येतं आणि तिच्याकडून तिच्या लेकीला येतं, ते त्या बांधणीमुळे.

पुढे काय झालं? त्याच अल्बममधलं दुसरं गाणं आलं, पण त्याला ती उचल मिळाली नाही. दुसरा अल्बम यायला 2006 उजाडलं. त्या वर्षी अथेन्सला झालेल्या युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेत स्पेनने यांना पाठवलं. चौथी बहीण रोसिओही आता गटात होती. गाणं होतं 'उन ब्लडीमेरी'. 24 गाण्यांच्या अंतिम फेरीत ते 18 गुण मिळवून 21व्या क्रमांकावर राहिलं. जिंकला फिनलंडचा लॉर्डी हा गट, राक्षसाचे मुखवटे घालून रॉक गाणारा. म्हणजे नवलाई चालेनाशी झाली होती असं नाही, लोकांना त्या वर्षी दुसरी नवलाई भावली. त्यानंतर लास केचप मोठ्या मंचावरून मागे सरल्या.

ते अथेन्सचं गाणं मी मुद्दाम काढून पाहिलं. सूर पक्के आहेत, बहिणींचे आवाज एकमेकींत छान मिसळलेत. पण त्यात मुलाने घरी घेऊन जावं असं काही नाही. एक हालचाल नाही, एक अक्षरांचा गुच्छ नाही. पहिल्या गाण्यात सगळं एकदम जुळून आलं होतं : घरचा ठेका, दिएगोची गोष्ट, तोंडात घोळणारी अक्षरं, हातांचा नाच. असं जुळणं पुन्हा ठरवून घडवता येत नाही, आणि चार वर्षांत लोकांचे कानही बदललेले असतात. त्या बहिणी आळशी होत्या किंवा त्यांना गाता येत नव्हतं, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

'एका गाण्यापुरत्या आल्या' याबद्दल अजून थोडं बोलायचं आहे. 'माकारेना' आठवतं ना? ते गाणारी लोस देल रिओ ही जोडी स्पेनमधल्याच सेविल्या शहराजवळच्या दोस एर्मानास गावची. दोघं 1960च्या दशकापासून एकत्र गात होते. 'माकारेना' त्यांनी 1993 मध्ये काढलं आणि त्याचं नव्याने बांधलेलं रूप 1996 मध्ये अमेरिकेत सलग 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. जगाने त्यांनाही 'एका गाण्याचे' ठरवलं. त्याआधीची तीस वर्षं कुठे गेली? गावोगावच्या जत्रांत, समारंभांत ते गातच होते. जगाला एक गाणं दिसलं, म्हणून त्यांनी एकच गायलं असं होत नाही.

आणि ते 'रॅपर्स डिलाइट', ज्यातून 'आसेरेहे' निघालं? तो गटसुद्धा सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने घाईघाईत जमवलेला. त्यातला एक जण पिझ्झाच्या दुकानात काम करताना रॅप म्हणत होता, तिथेच त्याची निवड झाली. तेव्हाही जाणकारांनी ती चार दिवसांची गंमत मानली होती. अमेरिकेतल्या पहिल्या चाळिसांत पोचलेलं ते पहिलं रॅप गाणं ठरलं, आणि रॅप आज कुठवर पोचलंय हे तुमच्या नातीला विचारा. यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि गिटार ऐकायला सांगा.

प्रश्न : मागच्या एका अंकात तुम्ही परदेशी पॉप गटांवर लिहिलं होतं. आपल्याकडे असे मुलींचे गट झाले नाहीत का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : झाले. 'आसेरेहे' आलं त्याच 2002 साली चॅनल व्ही वाहिनीच्या 'पॉपस्टार्स' या कार्यक्रमातून पाच मुलींचा 'विवा' हा गट निवडला गेला. 'हम नए गीत सुनाएँ' त्यांचंच. पुढच्या वर्षी त्याच कार्यक्रमातून 'आसमां' आला, त्यात मुलं आणि मुली दोन्ही होती. दोन्ही गट काही वर्षांतच विखुरले. माझ्या मते कारण साधं आहे. आपल्याकडे बिगरफिल्मी पॉपची लाट तेव्हा ओसरत होती, आणि ज्याचा गळा चांगला त्याला शेवटी सिनेमा बोलावतो. 'विवा'तल्या अनुष्का मनचंदा आणि नेहा भसीन पार्श्वगायनात गेल्या, 'आसमां'मधली नीती मोहनही. 'सुलतान'मधल्या 'जग घूमेया'साठी नेहाला फिल्मफेअर मिळालं. त्या निवडफेऱ्यांमध्ये गळे पारखणाऱ्यांचे कान चोख होते, हे यावरून दिसतं. तिघी बहिणींचा गट आणि परीक्षकांनी जमवलेला गट यांत फरक असतोच. बहिणी गट सोडून जाणार कुठे? पण गाण्याचा कस दोन्हीकडे तोच लागतो.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. वर्षअखेरच्या कार्यक्रमात 'केचप साँग' घ्यायचं आहे. मुलं चार-पाच वर्षांची आहेत. जमेल का? (एक शिक्षिका, इंदूर)

उत्तर : नक्की जमेल. गाणं आधी लावूच नका. धृपद तोंडाने, संथ म्हणून घ्या, मुलं जमिनीवर बसलेली असतानाच हात करून घ्या. गुडघ्यांची हालचाल सगळ्यात शेवटी, कारण या वयात हात आणि पाय एकदम दिले की दोन्ही थांबतात. तुम्ही मुलांकडे तोंड करून उभ्या राहणार, म्हणून त्यांचा उजवा हात हवा तिथे तुम्ही डावा दाखवा. कडव्यांना नाच बसवू नका. एका मुलाला दिएगो करा, गॉगल लावून मधून फिरू दे, बाकीच्यांनी टाळ्या धराव्यात. पूर्ण गाणं सुमारे साडेतीन मिनिटांचं आहे, इतक्या लहानांना ते लांब पडतं. दोन कडवी आणि दोन धृपदं घेऊन आवाज हळूहळू कमी करा. आणि शब्द चुकले तर अजिबात दुरुस्त करू नका, ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याला म्हणू द्या.