आधी बिलं वसूल होऊ द्या, मग राजीनामा

मनीषनगरच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 41, मराठी दैनिकात अकरा वर्षं, त्यातली बरीचशी शेती आणि बाजार समितीच्या बातम्या करण्यात. हातात पगार 46,000, हप्त्यासकट घरखर्च 44,000, बँकेत दीड लाखाची एफडी, पीएफमध्ये 6,80,000. यजमानांचं दुकान अजून स्थिरावायचं आहे. आणि तुमचा विचार असा, की याच महिन्यात राजीनामा द्यायचा, पीएफमधून 1,75,000 काढून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करायचा आणि परदेशी कंपन्यांची कामं धरायची.

मार्केटिंगकडे जरूर वळा. क्रम मात्र बदला.

कोर्सची फी म्हणजे तुमच्या घराचा चार महिन्यांचा खर्च. 2024-25 चा 8.25 टक्के व्याजदर कायम राहिला असं धरलं, तर पीएफमधले हेच पैसे तुमच्या 58व्या वर्षी साधारण पावणेसात लाख होतील. नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तेवढं कमी धरा. गूगल अॅड्स आणि अॅनालिटिक्स गूगलच्याच स्किलशॉप या प्रशिक्षणाच्या साइटवर फुकट शिकता येतं, हबस्पॉट अकॅडमीचेही फुकट कोर्स आहेत. आधी ते संपवा.

खरं भांडवल तुमच्याकडे आधीच आहे. गुळगुळीत इंग्रजी लिहिणारे मनिलात आहेत, नैरोबीत आहेत, आणि एआय तर मिनिटात मजकूर देतं. त्या रांगेत उभ्या राहिलात तर दर पडतच जाईल. पण नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा सौदा कसा होतो, बोंडअळी आली की कापूसवाल्याच्या घरात काय होतं, हे बांधावर जाऊन लिहिलेली माणसं फार थोडी. ठिबक, बियाणं, शेतीची सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना शेतकऱ्यांच्या केस स्टडी लागतात, म्हणजे त्यांचा माल वापरून एखाद्या शेतकऱ्याला काय फरक पडला याचा लेख. मुलाखत घेणं, आकडा तपासणं, वेळेत मजकूर देणं, हेच ते काम. दर तासाचा सांगू नका, केस स्टडीचा सांगा.

इथे एक पथ्य पाळाच. नोकरीत असेपर्यंत ज्यांच्या बातम्या करता त्यांचं काम घेऊ नका. भारतात धंदा नसलेल्या कंपन्या बघा. नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचा, संपादकांची लेखी परवानगी घ्या. अकरा वर्षांत कमावलेला वाचकांचा विश्वास एका बिलापायी जाऊ नये.

परदेशी बिलाचे पैसे हातात यायला महिना-दोन महिने सहज जातात, त्यातून काम मिळवून देणारी वेबसाइट आणि बँक आपापला वाटा कापतात. ग्राहकाशी बोलायच्या वेळाही बघा: न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. घरात हे आधी बोलून घ्या. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाची धावपळ असते, तेव्हा नवा ग्राहक नकोच.

राजीनाम्याआधी सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा, तो होतो 2,64,000. एफडी धरून 1,14,000 कमी पडतात. बाहेरच्या कामाचा प्रत्येक रुपया तिथे टाका. हा खड्डा भरला आणि दोन ग्राहकांनी सलग तीन महिने पैसे दिले, की राजीनामा द्या. त्याआधी कुटुंबाचा स्वतःचा आरोग्य विमा घ्या, कारण ऑफिसचं कव्हर नोकरीबरोबर संपतं आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आणि ताई, तुमच्या हिशोबात ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, दिसलीच नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 24,000 असेल, तर अकरा वर्षांचे साधारण 1,52,000 होतात. अर्ज करून मागून घ्या. विम्याचा पुढचा हप्ता आणि नवा लॅपटॉप त्यातून होईल, पीएफला हात लावावा लागणार नाही.