कपाट आवरायचंच असेल तर आधी करांची जुनी पुस्तकं काढा

निपाणीहून एका पालकांचं पत्र आलं आहे. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आता पीयूसी पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, कॉमर्सला आहे. इतिहास, अर्थशास्त्र, बिझनेस स्टडीज आणि अकाउंटन्सी असे तिचे विषय, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘हेबा’ म्हणतात ते कॉम्बिनेशन. पत्रातला मुख्य मजकूर असा:

‘तिच्या कपाटात अकाउंटन्सीची सात-आठ पुस्तकं आहेत, त्यातली बरीचशी रद्दीतून आणलेली. धंद्यात यशस्वी कसं व्हावं याची पाच-सहा. शिवकाळ आणि पेशवाईवरची तर रांगच आहे. त्यात गेल्या वर्षापासून ड्रॅगन आणि राक्षसांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली, फँटसी गेमिंगची. एक ना धड, भाराभर चिंध्या असं झालंय. सीए करायचं म्हणते, पण मन एका जागी नाही. फँटसी गेम म्हणजे ते पैसे लावून टीम करतात तेच ना? ही पुस्तकं बंद करू का?’

स. न. वि. वि.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमची खरी काळजी तिथेच दिसते. पैसे लावून क्रिकेटची टीम करण्याच्या ॲपला आपल्याकडे ‘फँटसी’ म्हणत. त्याचा या पुस्तकांशी काही संबंध नाही. पैशांच्या तसल्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली आहे. तुमच्या मुलीकडे आहेत ते टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाचे नियमग्रंथ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला मूळ खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एक जण सूत्रधार होतो, फासे टाकून प्रसंगाचा निकाल लागतो. पैसा कुठेच लागत नाही. लागतो तो पुस्तकं विकत घेताना, आणि तो बऱ्यापैकी लागतो. म्हणून पुढचं पुस्तक घेण्याआधी तिला सांगा की या खेळाचे मूलभूत नियम प्रकाशकांनी जानेवारी २०२३ मध्ये खुल्या परवान्याखाली मोफत दिले आहेत. श्रेय देऊन त्यावर स्वतःचा खेळ रचता येतो, विकताही येतो.

आता कपाटाकडे वळू. पुस्तकांची नावं वाचून मुलीचा कल कळत नाही. पानं उघडून पेन्सिलीच्या खुणा पाहा. अकाउंटन्सीच्या पुस्तकात उदाहरणं सोडवलेली आहेत की नुसती अधोरेखित केलेली? इतिहासाच्या रांगेत कादंबऱ्या आहेत की पत्रव्यवहार, बखरी, तळटिपांची पुस्तकं? गेमच्या पुस्तकात ती चित्रांपाशी थांबते की कोष्टकांपाशी? कोष्टकं आणि नोंदी यांच्याच पानांचे कोपरे मळलेले असतील, तर तुम्हाला वेगवेगळे वाटणारे विषय तिच्या लेखी एकच आहेत: कोणी, केव्हा, किती आणि कोणत्या नियमाने. अशा मुलीने सीएचा विचार करणं वावगं नाही. तिन्हीकडे फक्त गोष्टच वाचली जात असेल, तर सीएची घाई करू नका.

काढायचीच असतील तर रद्दीतून आणलेल्यांपैकी काही पुस्तकं मात्र खरोखर काढायला हवीत. आयकराचं जुनं पुस्तक पहिलं काढा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. जीएसटीच्या पुस्तकात १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मुख्य म्हणून दिले असतील, तर ते सप्टेंबर २०२५ च्या आधीचं आहे. कंपनीचा ताळेबंद ‘शेड्यूल सहा’प्रमाणे मांडलेला दिसला तर ते पुस्तक इतिहासाच्या रांगेत सरकवा, कारण २०१३ च्या कंपनी कायद्यात ते ‘शेड्यूल तीन’ आहे. सीए फाउंडेशनच्या, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेच्या, पुस्तकावर ‘बिझनेस अँड कमर्शियल नॉलेज’ असं छापलं असेल तर तो जुना अभ्यासक्रम. आता चौथा पेपर फक्त बिझनेस इकॉनॉमिक्सचा आहे. उलट, १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा आणि १९३२ चा भागीदारी कायदा समजावणारं जुनं पुस्तक चांगलं असेल तर खुशाल ठेवा. घसारा, बँक जुळवणी, भागीदारीचे हिशेब यांची उदाहरणंही शिळी होत नाहीत.

यशाच्या गुरुकिल्लीची पुस्तकं माझ्या मते कपाटातली सर्वांत कमी कामाची. त्याऐवजी तिला एका कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायला लावा. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचा अहवाल त्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. बेळगावात नोंदणीकृत कार्यालय असलेली श्री रेणुका शुगर्स घ्या. ऊस, गाळप, इथेनॉल हे शब्द आपल्या भागातल्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. दोनशे पानं वाचायची नाहीत. नफा-तोट्याचं पत्रक आणि रोकड प्रवाहाचं पत्रक शेजारी ठेवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: नफ्याचा आकडा आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड यांत फरक का पडला? घसारा, उधारी, गोदामातली साखर अशी उत्तरं तिची तिला सापडतील.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा पीयूसीच्या पहिल्या सहामाहीत अकाउंटन्सीचा पाया डळमळतो, तो बहुतेक वेळा भाषेमुळे. त्यातही एक जागा हमखास घोटाळ्याची आहे. आपल्या देशी कीर्दीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी खातेवहीत डेबिट म्हणजे नावे डावीकडे आणि क्रेडिट म्हणजे जमा उजवीकडे. दुकानात लहानपणापासून ‘पैसे जमा झाले’ ऐकलेली मुलगी कॅश बुकात आलेली रक्कम डेबिटला बघते आणि गोंधळते. बँकेचं पासबुक तर बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथे तीच रक्कम क्रेडिटला. म्हणून वहीचं एक पान दुभागून शब्द समोरासमोर लिहून काढायला सांगा: जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, गुडविल म्हणजे ख्याती. चाळीस-पन्नास शब्दांत काम होतं. त्यानंतर मात्र विचारही इंग्रजी शब्दांतच करायची सवय लावायची. सीएचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत किंवा कन्नडमध्ये नाही.

सरावाला तुमच्या दुकानाइतकी चांगली जागा नाही. एका महिन्याची खरेदी बिलं तिच्या हाती द्या. आधी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायचे. बेळगावच्या व्यापाऱ्याचा २९, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा २७. दहा हजारांचा माल १८ टक्क्यांनी बेळगावहून आला तर ९०० केंद्राचा आणि ९०० राज्याचा कर. तोच कोल्हापूरहून आला तर १,८०० आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहाराचा कर. सीमेवरच्या दुकानांत नवखा कारकून इथेच चुकतो: बेरीज तीच येते म्हणून कोल्हापूरचं बिल ९-९ मध्ये टाकतो, मग जीएसटी पोर्टलवरच्या २बी या खरेदीच्या पत्रकाशी ते जुळत नाही आणि क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. शिवाय आयजीएसटीचं क्रेडिट आधी वापरून संपवायचं असतं, आणि केंद्राच्या कराचं क्रेडिट राज्याच्या कराला चालत नाही, हे पुस्तकात दहा वेळा वाचण्यापेक्षा एका महिन्याच्या बिलांत पक्कं होतं. सगळं आधी हाताने रोजकीर्दीत, मग खतावणीत, मग तेरीज, आणि त्यानंतर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. टॅलीपासून सुरुवात केली तर चूक कुठे झाली हे कळतच नाही. तेरजेत फरक आला तर आधी तो ९ ने भागून पाहायचा. भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत, ५४० चे ४५०. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत कुठे सापडली तर ती नोंद चुकीच्या बाजूला गेली असण्याची शक्यता मोठी.

सीए फाउंडेशनचे चार पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे. प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. अकाउंटिंग आणि बिझनेस लॉ लेखी, उरलेले दोन पर्यायी प्रश्नांचे, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. तुमच्या मुलीची अडचण तिसऱ्या पेपरात आहे. त्यात ४० गुण व्यापारी गणिताला, २० तार्किक प्रश्नांना आणि ४० संख्याशास्त्राला. ‘सेबा’ कॉम्बिनेशनच्या मुलांना संख्याशास्त्र कॉलेजात मिळतं, हेबावाल्यांना इतिहास मिळतो. कॉम्बिनेशन बदलायची गरज नाही, पण हा अभ्यास याच वर्षी वेगळा सुरू करावा लागेल, रोज ४५ मिनिटं.

आणि इथे ती ड्रॅगनची पुस्तकं कामाला येतात. सहा बाजूंचे तीन फासे टाकले तर बेरीज १८ येण्याची संभाव्यता किती? २१६ त एक. वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त येण्याची ३० टक्के. तोच फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा असेल तर? बरीच मुलं ६० म्हणतात. उत्तर ५१ आहे, कारण दोन्ही वेळा चुकण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. संभाव्यतेच्या प्रकरणात हेच नाणी आणि पिशवीतल्या चेंडूंच्या रूपाने येतं. खेळताना ती हे करत असेलच, फक्त कागदावर मांडत नसेल. दर आठवड्याला गेममधले पाच प्रसंग घेऊन त्यांची संभाव्यता लिहून काढायला सांगा.

बिझनेस लॉमध्ये हेबाच्या मुलांना थोडा हात मिळतो, कारण इतिहासामुळे लिहायची सवय असते. पण इतिहासाचं लांबण इथे गुण घालवतं. आधी कायद्याची तरतूद, मग ती दिलेल्या प्रसंगाला कशी लागू होते, मग निष्कर्ष. रोज एक उत्तर, दहा मिनिटांत, इंग्रजीत.

इतिहास आणि गेम यांना आठवड्यातले चार तास ठेवा, पण नुसत्या वाचनाला नकोत. एक काम सुचवतो. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. सबनिसाकडे हजेरी आणि दफ्तर, कारखानिसाकडे कोठार. तुमच्या जवळच हुक्केरीकडे वल्लभगड आहे. अशा एका गडाच्या वेढ्याचा खेळ तिने रचावा: चार खेळाडू, चार अधिकारी, माणसं अमुक, धान्य तमुक खंडी, दारूगोळा इतका, आणि दर फेरीला जमाखर्च. खेळ चार पानांत मावला पाहिजे. मग तो मैत्रिणींबरोबर पाच वेळा खेळायचा आणि प्रत्येक वेळी किती फेऱ्यांत धान्य संपलं ते लिहून ठेवायचं. पहिल्यांदा तो बहुधा दुसऱ्याच फेरीत संपेल किंवा संपणारच नाही. आकडे बदलत बदलत तो रंगतदार करणं, यालाच गेमच्या धंद्यात संतुलन साधणं म्हणतात. पुणे-बंगळुरूच्या स्टुडिओत या कामाला स्प्रेडशीटवर हात बसलेली माणसं लागतात. तिथे पदवीआधी मागतात ते असं तयार काम. तिला मोडी वाचायची इच्छा झाली तर तीही शिकू द्या. पेशवे दफ्तरातले असंख्य कागद हिशेबाचेच आहेत आणि हिशेब समजणारे मोडी वाचक थोडे.

यातून नोकरी काय, हे तुम्ही विचारणारच. फाउंडेशननंतर इंटरमिजिएटचे दोन गट, मग नव्या योजनेत दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडे सीए संस्थेच्या शाखा आहेत. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं. फाउंडेशन दोन प्रयत्नांत झालं नाही तर बी.कॉम.वर भर द्यावा आणि सीएमए, म्हणजे खर्च-लेखा, पाहावं. साखर आणि फाउंड्रीच्या पट्ट्यात त्याला किंमत आहे. कर्नाटकच्या राज्य लेखापरीक्षण खात्याच्या आणि केंद्राच्या लेखा विभागांच्या परीक्षाही याच अभ्यासावर देता येतात. राज्याच्या नोकरीसाठी मात्र कन्नड वाचता-लिहिता आलं पाहिजे, त्यात कुचराई नको. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे वळली तर इतिहास आणि वाणिज्य-लेखाशास्त्र, दोन्ही वैकल्पिक विषय आहेत.

फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा मात्र पीयूसी दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिल्यावरच. त्या वर्षीच्या मे-जूनच्या परीक्षेला बसायचं तर नोंदणी १ जानेवारीपर्यंत झालेली हवी. नोंदणीची मुदत चार वर्षं असते आणि ती वाढवून मिळत नाही, म्हणून आज घाईने करू नका. पुढल्या वर्षी दिवाळीनंतर करा. संस्थेची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत, ती आजच उतरवून घ्या. आणि एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर नाव-आडनाव कसं छापलंय ते आधारशी ताडून पाहा. आपल्याकडे कन्नड लिपीतून इंग्रजीत येताना मराठी आडनावाचं स्पेलिंग बदलतं, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर उरतं, आणि फॉर्म तिथेच अडतो. दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे पाठवावी लागते आणि तिला महिने लागू शकतात, तेव्हा ते काम या सुट्टीतच सुरू करा.