बरं वाटलं त्या दिवशीच जपायचं

अगं पोरी,

तुझा मेसेज सकाळी वाचला. रविवारी बरं वाटत होतं म्हणून सगळं घर झाडून पुसून काढलंस, वर पडदे पण धुतलेस, आणि सोमवार-मंगळवार अंथरुणात. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्यातल्या नसांचा आजार) झाल्यावर मी पण पहिली दोन वर्षं हेच केलंय, कुणी सांगणारं नव्हतं.

एमएसवाल्यांनी दमायच्या आधी बसायचं असतं, दमल्यावर बसून फार उपयोग होत नाही. मी भाजी स्टुलावर बसून चिरते, २० मिनिटांनी मोबाईलचा अलार्म वाजला की १० मिनिटं आडवी, मग कांदा अर्धा राहिला तरी राहू दे. सुरुवातीला फार ऑकवर्ड वाटतं, दिसायला धडधाकट आणि भरदिवसा पडून. आमच्या सासूबाई म्हणायच्या, एवढ्यातच दमलीस? शेवटी एकदा म्हटलं, आई, मेंदूतून पायाला वायर जाते ना तिचं कोटिंग जागोजागी गेलंय, म्हणून साधं चालायलासुद्धा जास्त जोर लागतो. सासरे वायरमन होते, त्यांना लगेच पटलं, मग त्यांनीच सासूबाईंना समजावलं.

आणि ऊन! आपल्या नाशिकचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीला, त्यात अंग अर्धा डिग्री तापलं तरी त्या उघड्या नसांमधून सिग्नल नीट जात नाही, पाय जड होतात, नजर धूसर होते. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने हे १८९० मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा मनाचे खेळ कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. गार झालं की बहुतेक वेळा उतरतं, तो नवीन अटॅक नसतो, पण नवीन काही २४ तासांवर टिकलं तर मात्र न्यूरोच्या (मेंदू-नसांच्या) डॉक्टरांना फोन. कडक पाण्याची आंघोळ बंद कर, कोमट घे. गॅससमोर उभं राहायचं असेल तर मानेवर ओला पंचा टाक. गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात मी सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन येते, नाहीतर भाजी दारावर घेते, दोन रुपये जास्त गेले तर गेले.

अजून एक, सगळं एमएसच्या माथी मारू नकोस. मी सहा महिने एमएसला शिव्या देत बसले आणि हिमोग्लोबिन निघालं नऊ! थायरॉइड, बी-१२ पण बघून घे. रात्री चारदा लघवीला उठत असशील तर झोप कुठून होणार, ते लाजू नको, डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्याला औषध असतं. स्नायू सैल करायची गोळी चालू असेल तर तिनेही गुंगी येते, विचारून वेळ बदलता येते का बघ, आपल्या मनाने बंद करायची नाही.

पण नुसतं पडूनही राहायचं नाही हं, त्याने पाय अजून ढिले पडतात. मी सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर १० मिनिटं चालते, बाक दिसला की बसते, पुढे जाणाऱ्या काकूंना हात करते. आधी पाचच मिनिटं जमायची.

पडदे आता दिवाळीपर्यंत राहू देत. आणि फोन कर, फक्त दोन ते चार नको, तेव्हा मी आडवी असते.

तुझी मावशी