देवाने जोडलेलं तोडायचं नाही, म्हणून मार खात राहायचं का?

तुम्ही विचारलंय: बहिणीचं लग्न चर्चमध्ये झालंय, नवरा पिऊन मारतो. माहेरी आली की घरचे 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये' म्हणून परत पाठवतात. घटस्फोट घेतला तर ती चर्चबाहेर पडेल का?

नाही पडणार. हे आधी तिला फोन करून सांगा, बाकीचं नंतर वाचा.

मी बेळगावची, कॅथलिक. माझ्या मावशीला खानापूर तालुक्यात दिलेलं. १९९२ साली मोडका हात घेऊन ती माहेरी आली आणि परत गेली नाही. घटस्फोट नाही, दुसरं लग्न नाही. तरी पुढची अकरा वर्षं ती मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शेवटच्या बाकावर बसायची आणि कम्युनियनला, म्हणजे प्रसादाची भाकर घ्यायला, उठायची नाही. नवऱ्याला सोडलेल्या बाईला ते चालत नाही, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं, आणि फादरना विचारायची लाज. शेवटी कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली देताना, एका पाहुण्या फादरनी सांगितलं, बाई, तुला बंदी कधी नव्हतीच. घरी येऊन ती त्या अकरा वर्षांसाठी रडली.

जोडीदारापासून शरीराला किंवा आत्म्याला मोठा धोका असेल तर वेगळं राहायची मुभा कॅथलिक धर्मनियमातच आहे, १९८३ च्या संहितेत, कलम ११५३. कोर्टातून घटस्फोट घेतला, पण पुन्हा लग्न केलं नाही, तर तेवढ्यावरून कम्युनियनसारखे चर्चचे संस्कार बंद होत नाहीत. पुन्हा लग्न करायचं असेल तर मात्र धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडे, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या चर्चच्या कोर्टाकडे, जावं लागतं. तिथे लग्नानंतरचा मार एवढंच बघत नाहीत. लग्नाच्या दिवशी दिलेली संमती खरी होती का, म्हणजे चर्चच्या दृष्टीने लग्न मुळात झालं होतं का, हे तपासतात. त्यांच्या निर्णयाने कायद्यातलं लग्न मोडत नाही, त्यासाठी कोर्टच. तुम्ही कॅथलिक नसून मेथडिस्ट किंवा दुसऱ्या चर्चचे असाल तर पुनर्विवाहाचं पाळकांना विचारा, तिथले नियम वेगळे असतात.

आता ते वचन. मत्तयाचा १९ वा अध्याय घरच्यांसमोर पहिल्यापासून वाचा. परुशी, म्हणजे त्या काळचे कट्टर यहुदी धर्मपंथी, येशूला विचारतात, पुरुषाने कुठल्याही कारणावरून बायको टाकावी का? त्या काळी पुरुष हातात सूटपत्र देऊन बाईला बाहेर काढायचा. येशूने अडवलं ते त्या पुरुषाला. तेच वाक्य मार खाणाऱ्या बाईला परत ढकलायला वापरलेलं बघितलं की माझा जीव तुटतो. आणि येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की बायको वेगळी झालीच, तर तिने तसंच राहावं किंवा समेट करावा. म्हणजे बाई वेगळी होऊ शकते, हे त्यानेही धरलंय.

मावशीच्या वेळी वकील म्हणाले होते, नुसत्या मारावर ख्रिस्ती बायकोला घटस्फोट नाही, सोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागेल. १८६९ चा कायदा तसाच होता. २००१ च्या दुरुस्तीनंतर क्रूरता एवढं कारण पुरतं. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. घटस्फोट न मागताही त्यातून संरक्षण आणि पोटगी मागता येते.

दवाखान्याचे कागद जपा, चर्चमधून लग्नाचा दाखला काढून ठेवा. आणि कोर्टाचे कागद कन्नडमध्ये आले तर सही करण्याआधी वकिलांकडून मराठीत ओळ न् ओळ समजून घ्या. मावशीने न वाचता एका कागदावर सही केली होती, ती समेटाची निघाली.