कोंडीत इंजिन तापते आणि गाडी धावू लागली की थंड होते. दोष कुठे असेल?

घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या कोंडीत तापमानाचा काटा वर चढतो आणि पुढे रस्ता मोकळा मिळाला की आपोआप खाली येतो, असे आपण लिहिले आहे. या वर्णनावरून पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा लागतो, कारण वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, पण उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यालाच करावे लागते.

इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. तो फिरला नाही, तर फ्यूज आणि रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासून घ्या. त्यानंतर मेकॅनिककडून पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट वीज द्यायला लावा, म्हणजे मोटर जळली आहे की दोष वायरिंगमध्ये आहे, ते लगेच कळेल. एसीवर पंखा फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असे आढळले तर तापमानाचा सेन्सर तपासायला हवा.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, बंद स्थितीत अडकला असता, तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापली असती. म्हणून कोणी तो आधी बदलायला सांगितले, तर घाई करू नये.

कूलंटची पातळीही अवश्य पाहा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालचा उकळता कूलंट उसळून हात-तोंड भाजते. वॉटर पंपाखाली किंवा होजच्या टोकाशी वाळलेला हिरवट-पांढरा थर दिसला, तर बहुधा गळती तिथेच आहे.