आईला काशीला न्यायचंय. खोली घाटावर घ्यावी की रस्त्यावर?

प्रश्न : ताई, आईचं वय ७९. दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशनला ती तयार नाही. घरात काठी घेऊन नीट हिंडते, पायऱ्या मात्र कठड्याला धरून एकेक करत चढते. ‘मला एकदा काशीला ने’ एवढंच तिचं मागणं आहे. दिवाळीनंतर चार रात्रींसाठी जावं म्हणते. आम्ही दोघीच असू. खोलीला दिवसाला दोन-अडीच हजार, ओढून ताणून तीन, एवढी माझी ऐपत. भाऊ म्हणतो, धर्मशाळेत उतरा, पैसे कशाला घालवता! आईला खोलीतून गंगा दिसायला हवी. मोबाईलवर घाटावरची हॉटेलं स्वस्त दिसतात, फोटोही छान आहेत. काय करू? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : घाटावरचं घेऊ नका. आईंची समजूत काढायचं काम तुमचं, पण माझं मत ठाम आहे.

तुमच्या पैशांत काशीत बऱ्यापैकी खोली मिळते. अडचण आहे ती खोलीपर्यंत पोचण्याची. गोदौलिया चौकाच्या पुढे दशाश्वमेधकडे मोटार सोडत नाहीत, मैदागिनकडून येणाऱ्या रस्त्यावरही दिवसा वाहनबंदी असते. म्हणजे रिक्षावाला तुम्हाला सामानासकट चौकात उतरवणार आणि तिथून पुढे गल्ली. समोरून कुणी आलं की अंग चोरायचं, तेवढ्यात मागून मोटारसायकल भोंगा वाजवते, मध्ये एखादी गाय बसलेली असते आणि पायाखाली ओली दगडी फरशी. जाहिरातीत ‘घाट से सिर्फ ५० मीटर’ लिहिलेलं असतं ते खोटं नसतं. पण ते पन्नास मीटर आडवे किती आणि उभे किती, हे कुणी लिहीत नाही. घाटावरच्या बऱ्याच इमारती जुन्या, जिने अरुंद आणि खडे. गंगा दिसते ती वरच्या मजल्यावरून, आणि वर जायचं ते त्याच जिन्यानं.

तुम्ही अस्सी, भेलूपुर किंवा लंका या भागांत शोधा. अस्सी हा घाटांच्या रांगेतला दक्षिणेकडचा, घाटाच्या अगदी जवळपर्यंत रिक्षा जाते. लंका म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाच्या दारातला भाग, तिथे औषधांची दुकानं, डॉक्टर, इडली-डोशापासून सगळं हाताशी. कँट स्टेशनच्या आसपास सिगरा, रथयात्रा इथेही रस्त्याला लागून हॉटेलं आहेत आणि दर बरे असतात, पण गंगा लांब पडते. रोजची रिक्षा धरली की वाचलेले पैसे तिथेच जातात, शिवाय आई रोज तासभर ट्रॅफिकमध्ये.

आता फोन. बुकिंग ॲपवर नाव काढा, पण हॉटेलला फोन करून बोला. ‘लिफ्ट है क्या?’ असं विचारलंत की उत्तर एकच येतं, ‘हाँ जी, है.’ सासूबाईंना घेऊन मी दक्षिणेतल्या एका शहरात उतरले, तिथेही लिफ्ट होती. चकचकीत, आरसेबिरसे लावलेली. फक्त ती रिसेप्शनपासून सुरू व्हायची आणि रिसेप्शन होतं पहिल्या मजल्यावर, मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर. सासूबाई जिन्याकडे बघून म्हणाल्या, ‘मग लिफ्ट काय पूजेला ठेवलीय का?’ तेव्हापासून मी असं विचारते : ‘गाड़ी से उतरकर बिस्तर तक कुल कितनी सीढ़ियाँ चढ़नी पड़ेंगी?’ मोजून सांगायला लावायचं. जो माणूस ‘दो-चार होंगी’ म्हणतो त्याला पुन्हा विचारायचं. जो ‘एक मिनट, देखके बताता हूँ’ म्हणतो, त्याचं हॉटेल माझ्या यादीत वर जातं. पाठोपाठ दुसरा प्रश्न : वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का?

मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवायचा. रस्त्यावरच्या दारापासून चालत निघून खोलीच्या न्हाणीघरापर्यंत, मध्ये न थांबवता, एका दमात. मिनिटभराचं काम आहे. हंगाम नसेल तर हॉटेलवाले पाठवतात. नाही पाठवला, तर बहुधा काहीतरी दिसू नये असं असतं. फोटोत पलंग, पडदे आणि टॉवेलचा हंस दिसतो. न्हाणीघराचा उंबरा दिसत नाही.

आणि खरं सांगू का, म्हाताऱ्या माणसाची खोली म्हणजे निम्मी न्हाणीघरच असते. व्हिडिओत बघायच्या गोष्टी : उंबरा किती उंच आहे, कमोड आहे ना आणि तो फार बुटका तर नाही, शेजारी हात टेकायला काही आहे का, आंघोळीचं पाणी सगळ्या फरशीवर पसरतं की कोपऱ्यात राहतं. धरायला दांडी असेल अशी आशा या किमतीत ठेवू नका. त्याऐवजी आंघोळीसाठी प्लॅस्टिकची खुर्ची मागा, खुर्ची प्रत्येक हॉटेलात असते. स्टूल नको, पाठ टेकते ती खुर्चीच. कमोड बुटका असेल तर त्यावर बसवायची प्लॅस्टिकची उंच बैठक मेडिकल सप्लायच्या दुकानात मिळते. बॅगेत जागा खाते, पण गुडघे गेलेल्या माणसाला तिचा काय आधार वाटतो ते त्यालाच विचारा. घरून एक रबरी मॅट आणि प्लगमध्ये खोचायचा छोटा रात्रीचा दिवा न्या. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, हे आईंना घरूनच पढवून ठेवा. आयत्या वेळी त्या ऐकणार नाहीत.

दोन वेगळे पलंग मागा. डबलबेड भिंतीला लावलेला असला तर रात्री उठताना एकीला दुसरीवरून जावं लागतं. ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे या दरात जमिनीवरची गादी, ती तुमच्या वाट्याला. नाश्ता ‘फ्री’ आहे म्हणून हुरळून जाऊ नका, बनारसमध्ये उपाहारगृह गच्चीवर ठेवायची फार हौस. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते आणि गच्चीचा जिना वेगळा असतो. चहा-नाश्ता खोलीत आणून देतात का आणि त्याचे वेगळे पैसे घेतात का, ते विचारून घ्या. सगळ्यात स्वस्त खोलीला बरेचदा खिडकी नसते, हेही.

पैशांचं म्हणाल तर, ॲपवर दिसणाऱ्या आकड्यात कर धरलेला असेलच असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. म्हणजे २,४०० च्या खोलीचे २,५२०. शंभर-दोनशे वाचवायला ‘नॉन-रिफंडेबल’ खोली घेऊ नका. या वयात आदल्या रात्री ताप येतो, रक्तदाब चढतो. परतावा मिळणारी खोली घ्या, तीही आधी दोनच रात्रींची. पटली तर पुढच्या दोन वाढवून घ्या, समोर उभं राहून भाव करता येतो.

हे सगळं दिवस नीट निवडले तरच. कार्तिकी पौर्णिमेला तिथे देव दीपावली असते. सगळे घाट दिव्यांनी उजळतात आणि खोल्यांचे दर आभाळाला भिडतात. ती उलटू द्या, आठवडाभर जाऊ द्या, मग निघा. फार लांबवूही नका. डिसेंबर संपत आला की धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास रखडतात. गाडी भल्या पहाटे पोचणारी असेल आणि खोली दुपारी बाराला मिळणार असेल तर ते सहा-सात तास आईंनी कुठे काढायचे? चोवीस तासांच्या हिशोबानं खोली देणारी हॉटेलं आहेत, अर्ध्या दिवसाचे पैसे घेऊन लवकर खोली देणारीही आहेत. ही चैन जरूर करा. स्टेशनवर व्हीलचेअर मिळते, ती ढकलणाऱ्या हमालाशी पैशांचं आधी बोलून घ्या. विमानानं जाणार असलात तर तिकिटाबरोबरच व्हीलचेअर नोंदवा, त्याचे पैसे पडत नाहीत.

गंगा खोलीतून दिसली नाही म्हणून आईंचं काही अडत नाही. अस्सीवर पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ची आरती असते, संध्याकाळीही आरती होते. लवकर गेलात तर वरच्या बाजूला बसायला जागा मिळते, पायऱ्या उतरायला नकोत. नावेत बसायचं असेल तर उत्तरेकडच्या नमो घाटावर जा. तिथे उताराचा रस्ता केलाय, चाकाची खुर्ची खाली नेता येते. नावेत पाऊल टाकताना नावाड्याला हात द्यायला लावा, तुम्ही मागून धरा.

विश्वनाथाच्या दर्शनाला आता पूर्वीसारखी गल्ल्यांतली रेटारेटी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मंदिराभोवतीचा प्रशस्त परिसर खुला झाला. व्हीलचेअर मागा. ‘सुगम दर्शन’चं (पैसे भरून लवकर होणाऱ्या दर्शनाचं) तिकीट मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, गल्लीत भेटणाऱ्या कुणाकडून नाही. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. आणि आईंना सांगा, आजचं हे देऊळ आपल्या अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं. चौंडीच्या लेकीनं बांधलेल्या देवळात सिन्नरची बाई चालली आहे, एवढ्यावर त्यांचा रुसवा जाईल.

भावाला सांगा, धर्मशाळा वाईट नसते, पण काही ठिकाणी देशी संडास, सामाईक न्हाणीघर आणि वरच्या मजल्यावरची खोली वाट्याला येते. तो स्वतः गेला तर खुशाल उतरावं. आईच्या खोलीचे दोन रात्रींचे पैसे त्यानं द्यावेत, असंही सुचवून बघा.

प्रश्न : वडिलांना (वय ८१) दर महिन्याला परळच्या रुग्णालयात दाखवायला आणतो. एक रात्र राहावंच लागतं. दादरच्या लॉजचे दर परवडेनासे झालेत. दुसरं काही? – एक वाचक, अकोला

उत्तर : आधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. बाहेरगावच्या रुग्णांची सोय कुठे होते याची माहिती त्यांच्याकडे असते आणि चिठ्ठीही तेच देतात. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं तुम्ही ऐकली असतील. तिथे रुग्णाची कागदपत्रं लागतात आणि गर्दी इतकी की आज गेलो नि आज जागा मिळाली असं होईलच असं नाही. पुढच्या तारखेची चिठ्ठी हातात पडली की त्याच दिवशी विचारून ठेवा.

लॉजच घ्यायचं झालं तर दादर स्टेशनला चिकटून घेऊ नका. स्टेशन जवळ असतं ते तुम्हाला, वडिलांना पूल चढावाच लागतो. परळ-लालबागच्या बाजूला बघा आणि जिथे टॅक्सी दाराशी थांबते तेच घ्या. दर महिन्याला यायचं आहे, तर एकच जागा धरा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मालक ओळखायला लागतो, तळमजल्याची खोली राखून ठेवतो आणि दरातही थोडं खाली-वर करतो. वडिलांचं आधार कार्ड मूळ बरोबर असू द्या. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून काही लॉजवाले ते घेत नाहीत, आणि रात्री अकराला त्यावरून वाद घालायची ताकद कुणात असते?

प्रश्न : मी पोस्टातून निवृत्त झालो. पत्नीला आणि सासूबाईंना घेऊन फिरायचं आहे. आम्हाला काही सवलत? – एक वाचक, मिरज

उत्तर : रेल्वेची ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिची वाट बघू नका. खालचा बर्थ मात्र मिळू शकतो, तिकीट काढताना वय बरोबर घाला. राहण्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना सरकारी हॉलिडे होम मिळतात, नोंदणी ‘ई-संपदा’ या संकेतस्थळावरून होते. दर हॉटेलच्या मानानं किरकोळ असतात. खोल्या थोड्या असतात आणि नोंदणी सुरू झाली की भराभर संपतात, म्हणून जायची तारीख ठरायच्या आधीच तिथे डोकावत राहा. निवृत्तिवेतनाचं ओळखपत्र बरोबर ठेवा. सासूबाई तुमच्यावर अवलंबून म्हणून नोंदलेल्या नसतील तर त्यांचा दर वेगळा पडू शकतो, ते नोंदणी करतानाच बघून घ्या. आणि तिथेही फोन करून तेच विचारा : गाडीपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? सरकारी इमारती ऐसपैस असतात, पण जोतं उंच असतं.